‘देवाची स्तुती असो’ : योसेफ हायडन याचे जीवन व संगीतसेवा

अठराव्या शतकातील ऑस्ट्रियाचा थोर संगीतरचनाकार योसेफ हायडन आपल्या हस्तलिखिताच्या माथ्यावर बहुधा ‘प्रभूच्या नावाने’ अशा अर्थाचे लॅटिन शब्द लिहीत असे. रचना पूर्ण झाली, की अखेरच्या स्वराखाली ‘देवाची स्तुती असो’ असे लिहून तो लेखणी खाली ठेवी. हे शब्द केवळ मिस्सेसाठी रचलेल्या संगीतावरच आढळतात असे नव्हे. राजवाड्यातील करमणुकीसाठी लिहिलेल्या सिंफनींवर आणि रंगभूमीसाठी रचलेल्या ऑपेरांवरही ते आहेत. देवळातले काम देवाचे आणि दरबारातले काम पोटाचे, अशी वाटणी या माणसाने केलेली दिसत नाही.

आणि तरीही याच हायडनवर त्याच्या हयातीत, तसेच पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ, एक आक्षेप सातत्याने घेतला गेला. त्याचे मिस्सेचे संगीत फार आनंदी आहे. कर्णे आणि नगारे यांचा हा उत्सव नाट्यगृहाला शोभेल, वेदीपुढे नाही, असे म्हटले गेले. आक्षेप घेणारे सारेच अरसिक होते असे नाही. उपासनेचे पावित्र्य जपू पाहणारी धर्मनिष्ठ माणसेही त्यांत होती. म्हणून हा प्रश्न झटकून टाकण्याजोगा नाही. आनंद ही उपासना होऊ शकते काय? की आनंद हा सुखवस्तू माणसाचा छंद असून खऱ्या भक्तीचा स्वर गंभीरच असावा लागतो? या प्रश्नाचे उत्तर हायडनच्या संगीताइतकेच त्याच्या आयुष्यातही सापडते, असे आम्हांस वाटते. म्हणून ते आयुष्य वाचकांपुढे मांडीत आहोत.

सुताराचे पोर

हायडनचा जन्म ३१ मार्च १७३२ रोजी ऑस्ट्रियाच्या पूर्व सीमेजवळील रोहराउ या खेड्यात झाला. वडील माथियास गाड्यांची चाके बनवणारे सुतार होते. आई आना मारिया लग्नापूर्वी तेथील सरदाराच्या गढीत स्वयंपाकीण होती. या दांपत्याच्या बारा मुलांपैकी सहाच जगली. वडिलांना स्वरलिपीचे अक्षरही कळत नव्हते, परंतु दिवसाचे काम आटोपले, की ते हार्प घेऊन बसत आणि घरातील सर्व जण गात. मुलाने धर्मगुरू व्हावे अशी आईची इच्छा होती.

सहा वर्षांचाही नसताना या मुलाला जवळच्या हाइनबुर्ग गावी एका नातलगाकडे धाडण्यात आले. हा नातलग तेथे शाळामास्तर होता आणि चर्चच्या गायनाचीही जबाबदारी त्याच्याकडे होती. गोव्यातील जुन्या पॅरिश शाळांत मुलांना अक्षरांबरोबर स्वरलिपी शिकवणारे गायनशिक्षक असत, त्याच जातकुळीचा हा माणूस म्हणायचा. त्याच्या घरी जेवणापेक्षा मारच अधिक मिळाला, असे हायडन म्हातारपणी सांगत असे. पण इतक्या लहान वयात इतके काही शिकवल्याबद्दल त्याने त्याचे ऋण जन्मभर मानले. एकदा, शेतांवर आशीर्वाद मागण्यासाठी निघणाऱ्या वार्षिक मिरवणुकीच्या तोंडावर, नगारे वाजवणारा मरण पावला. ते काम या चिमुरड्यावर आले. नगारा त्याला उचलेना, म्हणून तो दुसऱ्याच्या पाठीवर बांधण्यात आला आणि मागून चालत हा मुलगा तो वाजवीत गेला, अशी आठवण आहे. हा नगारा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याची गाठ पडणार आहे.

१७४० साली व्हिएन्नाच्या संत स्तेफान कॅथेड्रलचे संगीतप्रमुख गेओर्ग रॉयटर यांनी या मुलाचा आवाज ऐकला आणि त्याला आपल्या गायनवृंदात नेले. तेथे त्याने सुमारे नऊ वर्षे काढली. मिस्सा, सायंप्रार्थना, अंत्ययात्रा, दरबारी सोहळे यांत दिवस जात. स्वररचनेचे म्हणून त्याला दोनच धडे मिळाले. मात्र रोज कानी पडणारे उत्तम चर्चसंगीत हीच त्याची शाळा ठरली. पुढे वयानुसार आवाज फुटला. त्यातच एका सोबत्याची वेणी कापण्याची खोडी त्याने केली. छड्या खाऊन तो १७४९ च्या सुमारास रस्त्यावर आला. वय सतरा, खिशात पैसा नाही, राहायला जागा नाही.

एका गरीब गायकाने आपल्या बिऱ्हाडात त्याला आसरा दिला. त्याच सुमारास तो मारियाझेल येथे पवित्र मरियेच्या तीर्थस्थानी यात्रेला गेला. तेथील गायनवृंदात गाऊ देण्याची त्याने विनंती केली. ती नाकारण्यात आली. दुसऱ्या दिवशी तो गुपचूप गायकांत जाऊन उभा राहिला आणि शेजाऱ्याच्या हातातला कागद ओढून घेऊन स्वतःच गायला लागला. त्याचे गाणे ऐकून त्याला आठवडाभर ठेवून घेण्यात आले. या तीर्थस्थानाच्या नावाने त्याने पुढे दोन मिस्सा रचल्या.

नंतरची काही वर्षे व्हिएन्नातील एका माळ्यावरच्या खोलीत गेली. मुलांना शिकवणे, रस्त्यावरच्या वाद्यमेळ्यांत व्हायोलिन वाजवणे आणि निकोला पोर्पोरा या इटालियन गायनगुरूची नोकरासारखी सेवा करून त्याच्याकडून स्वररचनेचे ज्ञान मिळवणे, असा त्याचा क्रम होता.

गणवेशातला संगीतकार

१ मे १७६१ रोजी हायडनने हंगेरीतील श्रीमंत एस्टरहाझी राजघराण्याच्या चाकरीच्या करारावर सही केली. हा करार आज वाचताना मन अस्वस्थ होते. संगीतप्रमुखाने व वादकांनी पांढरे मोजे, पांढरा सदरा आणि पावडर लावलेला केशसंभार अशा गणवेशात हजर राहावे. त्याने रोज दुपारपूर्वी व दुपारनंतर दिवाणखान्याबाहेर उभे राहून आज संगीताची आज्ञा आहे काय, याची विचारणा करावी. राजपुत्राला हवे ते संगीत रचून द्यावे आणि ते दुसऱ्या कोणाला देऊ नये, नकलूनही देऊ नये, अशा त्यातील अटी होत्या. थोडक्यात, त्याच्या प्रतिभेतून उतरलेला प्रत्येक स्वर धन्याच्या मालकीचा होता.

या घराण्याशी त्याचा संबंध मरेपर्यंत राहिला आणि त्यातील जवळजवळ तीस वर्षे तो पूर्णवेळ चाकरीत होता. १७६६ साली तो मुख्य संगीतप्रमुख झाला. राजपुत्र निकोलाउस याला बारिटॉन नावाचे एक दुर्मीळ तंतुवाद्य वाजवण्याचा नाद होता. त्याच्यासाठी हायडनने सव्वाशेच्या आसपास त्रिवाद्यरचना लिहिल्या. राजपुत्राने एस्टरहाझा येथे दलदलीच्या प्रदेशात नवा राजवाडा उभारला व त्यात ऑपेरागृह बांधले. तेथे १७८० ते १७९० या दशकात ऑपेराचे हजाराहून अधिक प्रयोग झाले. इतरांच्या रचना निवडणे, त्या उपलब्ध गायकांना साजेशा करणे, तालमी घेणे आणि प्रयोगाचे संचालन करणे, हे सारे हायडनच्या शिरावर होते.

त्या काळी आजच्यासारखा हातात छडी घेऊन वादकांसमोर उभा राहणारा संचालक नव्हता. वाद्यवृंदाचा प्रमुख पहिले व्हायोलिन वाजवीत किंवा हार्पसिकॉर्डपाशी बसून इतरांना चालवी. तो स्वतः वादकांपैकीच एक असे. संचालक म्हणून हायडनची वृत्ती काय होती, हे त्याच्या एका पत्रावरून कळते. १७६८ साली त्वेट्ल येथील सिस्टर्शियन मठासाठी त्याने एक गायनरचना पाठवली. स्वतः जाणे शक्य नव्हते, म्हणून सोबत सूचना लिहिल्या. लय नेमकी पाळावी. हळू आणि अगदी हळू यांतला फरक ऐकू यावा. गायकांनी शब्द असे उच्चारावेत, की प्रत्येक अक्षर समजावे. आणि प्रयोगापूर्वी निदान तीन-चार तालमी व्हाव्यात, असे त्याने कळवले. सणाच्या आदल्या रात्री एकच तालीम करून मोकळे होणाऱ्या आमच्या धर्मग्रामांतील गायनवृंदांनी हे पत्र सुवर्णाक्षरांत लिहून भिंतीवर लावावे!

हाताखालचे वादक हायडनला ‘पापा’ म्हणत. त्यामागे केवळ लाड नव्हता. त्यांच्या तक्रारी घेऊन तो धन्यापुढे उभा राही, शिक्षा झालेल्यांसाठी रदबदली करी. १७७२ सालचा प्रसंग प्रसिद्ध आहे. वादकांच्या बायकामुलांनी एस्टरहाझा येथे पाऊलही ठेवू नये, असा हुकूम सुटला होता. हायडन व मोजके काही जण यांना त्यातून सूट होती. बाकीचे महिनोन्महिने घरापासून तुटलेले होते. त्या वर्षी राजपुत्राचा मुक्काम लांबतच गेला. तेव्हा हायडनने एक सिंफनी रचली. तिच्या शेवटच्या भागात एकेक वादक आपले वादन संपवतो, समोरची मेणबत्ती विझवतो आणि वाद्य उचलून निघून जातो. अखेरीस दोनच व्हायोलिने उरतात आणि तीही विरून जातात. राजपुत्र समजायचे ते समजला आणि दुसऱ्याच दिवशी निघण्याची आज्ञा झाली. ज्याला स्वतःला सूट होती, त्याने सूट नसलेल्यांसाठी हे केले, हे आम्हांस त्या संगीताइतकेच मोलाचे वाटते.

त्याचा स्वतःचा संसार मात्र सुखाचा नव्हता. ज्या मुलीवर त्याचे मन होते ती मठवासिनी झाली आणि १७६० साली त्याने तिच्या बहिणीशी लग्न केले. मूलबाळ झाले नाही, मने जुळली नाहीत. दरबारातील एका विवाहित गायिकेशी त्याचा संबंध जडला. हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. हायडनला संतपद बहाल करण्याचा आमचा हेतू नाही. तो अपुरा माणूस होता आणि आपल्या अपुरेपणासह देवापुढे उभा राहत होता. रचना करताना काही सुचेनासे झाले, की तो जपमाळ हातात घेऊन खोलीत येरझारा घाली, ‘नमो मरिया’ म्हणे आणि मग स्वर पुन्हा सुचू लागत, असे त्याने आपल्या चरित्रकाराला सांगितले होते.

सात उद्गार

१७७९ साली झालेल्या नव्या करारातून रचना बाहेर न देण्याची अट वगळण्यात आली आणि हायडनचे नाव युरोपभर पसरले. स्पेनमधील कादिझ बंदरातून एका धर्मगुरूची मागणी आली. तेथील सांता कुएवा या भूमिगत प्रार्थनास्थळी पवित्र शुक्रवारच्या उपासनेसाठी संगीत हवे होते. त्या उपासनेचे जे वर्णन हायडनच्या नावाने पुढे छापले गेले, ते वाचण्यासारखे आहे. भिंती, खिडक्या, खांब काळ्या कापडाने झाकलेले. मध्यभागी एकच दिवा. दुपारी बारा वाजता दारे बंद. बिशप प्रवचनपीठावर चढून प्रभूच्या क्रूसावरील सात उद्गारांपैकी एक उच्चारीत व त्यावर चिंतन सांगत. मग खाली उतरून वेदीपुढे गुडघे टेकत. ती निःशब्द वेळ संगीताने भरायची होती. असे सात वेळा.

दहा-दहा मिनिटांच्या सात संथ रचना एकामागून एक, आणि त्याही शब्दांवाचून! ऐकणारा कंटाळणार नाही असे लिहिणे सोपे नव्हते, असे त्याने नमूद केले आहे. पण आनंदी म्हणून हिणवल्या गेलेल्या या माणसाने ते दुःख सातही वेळा वेगळ्या स्वरांत मांडले आणि शेवटी भूकंपाचा कल्लोळ उभा केला. ‘आपल्या तारकाचे अखेरचे सात उद्गार’ ही रचना त्याला फार प्रिय होती. २६ डिसेंबर १८०३ रोजी त्याने संचालक म्हणून जाहीररीत्या अखेरचे काम केले, ते याच रचनेचे. आणि तो कार्यक्रमही गरिबांच्या रुग्णालयासाठी होता.

लंडन आणि त्यानंतर

१७९० च्या सप्टेंबरमध्ये राजपुत्र निकोलाउस वारला. वारसाने वाद्यवृंद मोडला, पण हायडनला निवृत्तिवेतन मिळाले. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी तो प्रथमच आपल्या वेळेचा धनी झाला. योहान पेटर सालोमोन हा व्हायोलिनवादक त्याला लंडनला नेण्यासाठी आला. तुम्हांला परभाषा येत नाहीत, असे तरुण मित्र मोझार्टने काळजीने म्हणताच, आपली भाषा साऱ्या जगाला समजते, असे उत्तर हायडनने दिले. १७९१-९२ आणि १७९४-९५ अशा दोन दौऱ्यांसाठी त्याने बारा सिंफनी लिहिल्या. ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्याला डॉक्टरेट दिली. राजाराणी, सरदार, सामान्य लोक सर्वांनी त्याला डोक्यावर घेतले.

पण लंडनमध्ये त्याला सर्वांत अधिक हेलावून टाकणारे संगीत कोणते वाटले? १७९२ साली संत पॉलच्या कॅथेड्रलमध्ये धर्मादाय शाळांतील सुमारे चार हजार गरीब मुलांनी एक साधे स्तोत्र एका सुरात गायले. आपल्या मनाला इतके कशानेच हलवले नाही, अशी नोंद त्याने आपल्या वहीत केली. युरोपातील सर्वश्रेष्ठ रचनाकार गरीब मुलांच्या गाण्यापुढे नतमस्तक झाला. आपल्या मुलांना रविवारच्या गायनाला धाडावे की न धाडावे, याचा विचार करणाऱ्या पालकांसाठी ही नोंद आम्ही मुद्दाम येथे दिली आहे.

लंडनहून परतल्यावर त्याने ‘उत्पत्ती’ हा ऑरेटोरिओ रचला. बायबलमधील उत्पत्तीच्या ग्रंथावर आणि मिल्टनच्या महाकाव्यावर आधारलेल्या या रचनेचा पहिला प्रयोग १७९८ च्या एप्रिलअखेरीस व्हिएन्नात त्याच्याच संचालनाखाली झाला. आरंभी अंधाराचे चाचपडणारे स्वर येतात. गायनवृंद अगदी हलक्या आवाजात प्रकाशाची आज्ञा उच्चारतो आणि त्या एका शब्दावर सारा वाद्यवृंद शुद्ध, तेजस्वी स्वरमेळात उजळून निघतो. या काळात आपण जितके भक्तिमान होतो तितके कधीच नव्हतो, रोज गुडघे टेकून हे काम पुरे करण्याचे बळ मागत होतो, असे तो सांगे.

युद्धकाळातील मिस्सा

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सम्राट दुसरा योसेफ याने १७८३ च्या सुमारास उपासना साधी करण्याच्या धोरणाने चर्चमधील वाद्यसंगीतावर निर्बंध घातले. १७८२ नंतर जवळजवळ चौदा वर्षे हायडनने एकही मिस्सा रचली नाही. १७९६ ते १८०२ या काळात मात्र त्याने सहा मोठ्या मिस्सा लिहिल्या. त्यांतील बहुतेक नव्या राजपुत्राची पत्नी मारिया हेर्मेनेगिल्ड हिच्या नामदिनानिमित्त आयझेनश्टाट येथे गायिल्या गेल्या. ज्यांना अति आनंदी म्हटले गेले, त्या याच.

त्या कोणत्या दिवसांत लिहिल्या गेल्या? १७९६ साली नेपोलियनच्या फौजा इटलीत ऑस्ट्रियाचा पराभव करीत होत्या. त्या वर्षीच्या मिस्सेवर हायडनने स्वतः ‘युद्धकाळातील मिस्सा’ असे लिहिले. तिच्यात ‘परमेश्वराच्या कोकरा’ ही प्रार्थना सुरू होते, तेव्हा गायकांच्या खालून नगारे हलकेच वाजू लागतात, जणू दूरवरून शत्रू येत आहे. हाइनबुर्गच्या मिरवणुकीत सुताराच्या पोराने वाजवलेला नगारा साठ वर्षांनी येथे पुन्हा ऐकू येतो. आणि मग शांतीची याचना येते ती मुळूमुळू नव्हे, कर्ण्यांच्या गजरात, दार ठोठावून केलेल्या मागणीसारखी. १७९८ च्या मिस्सेला त्याने ‘संकटकाळातील मिस्सा’ असे नाव दिले. खर्च कमी करण्यासाठी राजपुत्राने सुषिर वाद्यांचे वादक काढून टाकले होते. हायडनने कर्णे, नगारे, ऑर्गन आणि तंतुवाद्ये एवढ्यांवरच भागवले. त्या उणिवेतूनच तिला तिची करारी धार मिळाली.

हा आनंद भीती ठाऊक नसलेल्याचा आनंद नाही. मार, उपासमार, गणवेशाची चाकरी, बिनसलेला संसार आणि दारात आलेले युद्ध पाहिलेल्या माणसाचा हा आनंद आहे. मिस्सा इतकी प्रसन्न का, असे विचारता, देवाचा विचार आला की आपले मन आनंदाने भरून जाते आणि ज्याने असे मन दिले तो त्याची क्षमाही करील, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिल्याचे सांगतात.

हा वाद त्याच्यानंतरही चालू राहिला. २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संत सिसिलियेच्या सणादिवशी, पोप दहावे पायस यांनी चर्चसंगीताविषयी आदेश काढून नाटकी शैलीला मज्जाव केला व ग्रेगोरियन गायनाला अग्रस्थान दिले. त्यांची चिंता रास्त होती. कित्येक ठिकाणी वेदीचे रंगमंच झाले होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालच्या उपासनाविषयक दस्तऐवजात ख्रिस्तसभेच्या संगीतपरंपरेला अमोल ठेवा म्हटले आणि त्याचबरोबर भाविकांच्या सहभागावर भर दिला. आमच्या मते हा तोल महत्त्वाचा आहे. संगीत आनंदी आहे की गंभीर, हा खरा निकष नव्हेच. ते लोकांना वेदीकडे नेते की गायकाकडे, हा निकष आहे.

अखेरची वर्षे

१८०२ साली र्‍यूगेन बेटावरील काही हौशी संगीतप्रेमींनी ‘उत्पत्ती’चा प्रयोग करून हायडनला आभाराचे पत्र पाठवले. उत्तरात वृद्ध रचनाकाराने आपले अंतरंग उघडले. शरीर आणि मन थकून गेले असताना, काम टाकून द्यावेसे वाटत असताना, आतून एक आवाज त्याला सांगे, की या जगात सुखी माणसे फार थोडी आहेत. कदाचित तुझे श्रम चिंतेने गांजलेल्या कोणाला तरी घटकाभर विसावा देतील. या विचारानेच आपण पुढे जात राहिलो, असे त्याने लिहिले. हायडनच्या आनंदाचे मूळ आम्हांस या पत्रात दिसते. तो आनंद स्वतःच्या सुखातून आलेला नव्हता. दुसऱ्याच्या दुःखासाठी तो रचला गेला होता.

२७ मार्च १८०८ रोजी व्हिएन्ना विद्यापीठाच्या सभागृहात ‘उत्पत्ती’चा प्रयोग सालिएरीच्या संचालनाखाली झाला. हायडनला खुर्चीतून आणण्यात आले. प्रकाशाच्या त्या स्वरमेळावर सभागृह टाळ्यांनी दुमदुमले, तेव्हा त्याने हात वर करून, हे माझ्याकडून नव्हे, तिकडून आले, अशी खूण केली. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात नेपोलियनच्या तोफा व्हिएन्नावर धडाडल्या. एक गोळा त्याच्या घराजवळ पडला. घाबरलेल्या घरच्या माणसांना त्याने धीर दिला. ३१ मे १८०९ रोजी, मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात, त्याने देह ठेवला. शहर शत्रूच्या ताब्यात असल्याने अंत्यविधी साधेपणाने झाला. पंधरवड्याने झालेल्या स्मरणविधीत मोझार्टची मृतांसाठीची मिस्सा गायिली गेली. आज त्याची समाधी आयझेनश्टाटच्या बेर्गकिर्शे या चर्चमध्ये आहे. त्याच्या अखेरच्या सहा मिस्सांपैकी अनेक पहिल्यांदा गायिल्या गेल्या, ते हेच चर्च.

एकशे चार क्रमांकित सिंफनी, सत्तरच्या आसपास तंतुवाद्य-चौकड्या, मिस्सा, ऑरेटोरिओ, ऑपेरा असा हा प्रचंड संसार आहे. व्हिएन्नाच्या काही चर्चमध्ये आजही रविवारच्या मिस्सेत हायडनचे संगीत गायिले जाते. आमच्या वाचकांपैकी अनेकांचे काम दुसऱ्याच्या आज्ञेने चालते: कोणी कचेरीत, कोणी कारखान्यात, कोणी शाळेत, कोणी चुलीपाशी. त्या कामावर आपले नाव राहत नाही, कधीकधी हक्कही राहत नाही. गणवेश घालून दाराशी उभ्या राहणाऱ्या या चाकराच्या कामावरही धन्याचा हक्क होता. परंतु पहिल्या आणि शेवटच्या ओळीत काय लिहायचे, हे कोणत्याही करारात नव्हते. ती जागा त्याने देवाला दिली.